मुंबईत ‘परका’ समुद्री मासा सापडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धक्क्यावर काम करणारे, हौसेने गळ टाकणारे, ओहोटीला खडकांवर फिरणारी कॉलेजची मुलं आणि रविवारी पिशवी घेऊन बाजारात जाणारे लोक, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळ तिथेच होतो.

एखादा मासा ‘इथला नाही’ हे कोण ठरवतं?

कोणी एक माणूस किंवा एक कचेरी नाही. जात कुठे कुठे सापडली याच्या जुन्या नोंदी, संग्रहालयांत जपलेले नमुने आणि मत्स्यसंस्थांचे अहवाल एकत्र करून तिचं आढळक्षेत्र आखलं जातं. भारतीय माशांसाठी फ्रान्सिस डे यांचा १८७५ ते १८७८ या काळात आलेला ग्रंथ अजूनही उघडावा लागतो. पश्चिम हिंदी महासागरासाठी एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, १९८४ मध्ये काढलेली ओळखपत्रकं कामी येतात. ताज्या नावांसाठी फिशबेस हा माशांच्या माहितीचा ऑनलाइन साठा आणि कॅलिफोर्निया अकॅडमीचा माशांचा ऑनलाइन कॅटलॉग आहे.

नकाशावर एखादी जागा रिकामी दिसली की ‘मासा तिथे नाही’ असं आपण धरून चालतो. खरं तर तिथे कोणी पाहिलेलंच नसण्याचीही तेवढीच शक्यता असते. खडकाळ तळावर ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागे तळावरून ओढायचं, जाळं फाटतं, म्हणून तिथे ते कोणी ओढत नाही. बोटभर लांबीच्या खडकमाशांना भाव नाही, म्हणून ते बाजारात येत नाहीत. अशा माशाची ‘पहिली नोंद’ झाली म्हणजे मासा काल आला असं नाही, आपण काल पोहोचलो इतकंच.

आढळक्षेत्र सलग असतं असंही नाही. बोंबलाचंच बघा. गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो ढिगाने मिळतो आणि तिकडे बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागातही मिळतो. मधल्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर मात्र नावालाच. त्याचं शास्त्रीय वर्णन १८२२ मध्ये हॅमिल्टनने केलं, तेही गंगेच्या मुखाकडच्या माशावरून. मुंबईची ओळख ठरलेल्या माशाचा शास्त्रातला जन्मदाखला बंगालचा आहे!

ससून डॉकवर कधीच न पाहिलेला मासा दिसला. मुंबईतली पहिली नोंद समजायची का?

लगेच नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ‘शोधां’चा निकाल इथेच लागतो.

ससून डॉक १८७५ पासून चालू आहे. तिथे किंवा भाऊच्या धक्क्यावर मासा उतरला म्हणजे तो मुंबईसमोर पकडला गेला असं होत नाही. मोठे ट्रॉलर बरेच दिवस समुद्रात राहतात, वर गुजरातच्या दिशेने जातात, खाली रत्नागिरीच्याही पुढे उतरतात. त्यात मुंबईसमोरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, ३०० किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. म्हणजे खोल पाण्यातला मासा धक्क्यावर दिसला तर त्याने बोटीतून बराच प्रवास केला आहे हे गृहीत धरा.

बोटीशिवाय रस्त्यानेही मासळी येते. वेरावळ, पोरबंदर, मंगळूरकडची मासळी बर्फात घालून ट्रकने शहरात पोहोचते. बाजारात ‘मावशी, हा कुठला?’ असं नीट विचारलं तर ‘हा गाडीचा, बोटीचा नाय’ असं सरळ उत्तर मिळतं. ते उत्तर मिळालं की शोधाची गोष्ट संपली, कालवणाची सुरू करायला हरकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न ‘हा कुठला मासा?’ असा नसतो, ‘हा कुठे लागला?’ असा असतो. तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, विचारा: किती वाव पाणी होतं, कुठल्या जाळ्यात आला, किनाऱ्यापासून किती तास लांब. एक वाव म्हणजे सहा फूट, साधारण १.८ मीटर. आता बहुतेक बोटींवर जीपीएस असतो. जाळं ओढलं तिथले आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. पण मासे लागणारी जागा तांडेल कोणालाही सांगत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ‘अंदाजे कुठल्या दिशेला, किती पाण्यात’ एवढं मिळालं तरी चालवून घ्या.

माझं मत विचाराल तर सर्वांत भरवशाची नोंद डोल जाळ्यातून येते. ट्रॉल मैलोन्‌मैल ओढतात, त्यामुळे नेमका मासा कुठे आत शिरला ते कोणालाच सांगता येत नाही. डोल एका जागी रोवलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते, म्हणून जागा, खोली आणि वेळ तिन्ही पक्की. वर्सोवा, मढ, उत्तन, वसई या पट्ट्यातल्या डोलकरांकडे बोंबील, मांदेली, जवळ्याबरोबर रोज काय काय येतं ते कोणी वर्षभर लिहून ठेवलं, तर मोठ्या जहाजाच्या सर्वेक्षणाइतकंच मोल त्याला येईल.

मासा हातात आहे. आधी काय करायचं?

बर्फात टाकण्याआधी फोटो काढा. रंग फार झपाट्याने उडतात. निळ्या ठिपक्यांवरून ओळखायचा मासा दोन तासांत करडा दिसू लागतो.

माशाचं तोंड डावीकडे ठेवून पूर्ण बाजूचा एक फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा. नाण्यांचे आकार बदलत राहतात आणि माणसाच्या हाताचं तर काही मापच नाही, म्हणून नाणं किंवा हात नको. पर फुलवून टाचण्यांनी पसरवा आणि पुन्हा एक फोटो घ्या. मग तोंड, दात, कल्ल्याची कड, पोटाची बाजू आणि शेपटीचा देठ जवळून टिपा. परांमधले टणक काटे आणि मऊ किरणं (काड्या) मोजता येतील इतका फोटो स्पष्ट हवा, कारण दोन भावंडं वाटावीत अशा जातींमधला फरक बरेचदा त्या मोजणीतच असतो.

तारीख, वेळ, बोट कुठल्या बंदराची, जाळं कुठलं, पाणी किती, हे त्याच वेळी लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत हमखास गोंधळ होतो.

फोटो पुरेसा नाही का?

कधीकधी पुरतो. पट्टेवाला विंचूमासा (लायनफिश), समुद्रघोडा किंवा सूर्यमासा फोटोवरून निदान गटापर्यंत ओळखता येतो. पण ढोमा, शिंगाळा, वाम, मांदेली किंवा पाकट यांच्या कुळांत फोटोवरून जात ठामपणे सांगणारा माणूस भेटला, तर थोडं सावध राहा. तिथे खवले, कल्ल्यातली कंगव्यासारखी हाडं, पोहण्याच्या पिशवीचा आकार असं काही तरी पाहावं लागतं.

शिवाय आज ज्याला आपण एक जात म्हणतो तिच्या उद्या दोन होऊ शकतात. तेव्हा जुना नमुना बाटलीत असेल तर उघडून पाहता येतो. फोटोला कल्ले उघडून दाखवता येत नाहीत.

मासा घरी कसा जपायचा? मेडिकलमधून फॉर्मालिन आणू का?

आणू नका. फॉर्मालिनच्या वाफा डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतात, तो कर्करोगकारक आहे, आणि स्वयंपाकघराशेजारी ठेवायची ती वस्तूच नव्हे. प्रयोगशाळेत एक भाग फॉर्मालिन आणि नऊ भाग पाणी असं द्रावण करून मासा पक्का करतात आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. ते काम त्यांनाच करू द्या.

घरी फ्रीझर पुरे. आतडी काढू नका, खवले काढू नका, मीठ लावू नका. मासा सपाट ठेवून पिशवीत बंद करा आणि आत चिठ्ठी घाला. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीत आणि अल्कोहोलमध्ये फुटते. फ्रीझरमध्ये ठेवल्याचं घरातल्यांना आधीच सांगा, नाहीतर दुर्मिळ नमुना हळद-मीठ लागून ताटात येतो. हा विनोद नाही, असं घडतं.

डीएनए तपासला की सगळं कळतं ना?

बरंच कळतं, सगळं नाही. माशांसाठी सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तो साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहतात. त्यासाठी मासा फॉर्मालिनमध्ये जाण्याआधीच उजव्या बाजूचा मांसाचा छोटा तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये काढून ठेवतात. फॉर्मालिनने डीएनए खराब होतो. डावी बाजू फोटोसाठी आणि मोजमापासाठी शाबूत ठेवतात.

अडचण अशी की साठवलेल्या नोंदींतही चुकीच्या नावाने चढवलेले मासे आहेत. ‘९९ टक्के जुळतं’ हा आकडा समोरच्याने आपला मासा बरोबर ओळखला असेल तरच कामाचा. म्हणून शरीर आणि डीएनए दोन्ही पाहतात. दोघांचं जमलं नाही तर खरं काम तिथून सुरू होतं.

मासे आपली जागा सोडून का येतात?

आधी तारलीबद्दल सांगतो, कारण तिची गोष्ट नीट नोंदलेली आहे. १९८५ च्या आसपासपर्यंत तारलीची जवळपास सगळी पकड केरळ-कर्नाटकच्या पट्ट्यातून, साधारण ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांमधून येत होती. त्यानंतर ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मिळू लागली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचा संबंध तापलेल्या समुद्राशी जोडला. बांगड्याचंही थोडंफार तसंच झालं. आज मुंबईच्या बाजारात तारली बघून कोणी दचकत नाही.

पण यावरून ‘केरळची तारली मुंबईला आली’ असा हिशेब मांडू नका. २०१२ नंतर केरळातली तारली कोसळली, त्यामागे पाऊस, खाद्य, अतिमासेमारी अशी बरीच कारणं गुंतलेली आहेत. तिथे कमी झाली आणि इथे दिसली, एवढ्याने तीच तारली चालत आली असं सिद्ध होत नाही.

प्रवाहही माशांना नेतात. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे पाण्याबरोबर वाहतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. म्हणून दक्षिणेकडची पिल्लं आपल्याकडे पोहोचायची संधी हिवाळ्यात जास्त. पोहोचली म्हणजे जगली असं नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ भागावर सरकतं. तळाचे मासे तेव्हा गुदमरून वर किंवा किनाऱ्याकडे येतात. वादळांचाही हात असतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आपल्याजवळून गेलं. अशा वादळानंतर किनाऱ्यावर लागलेला मासा मुंबईचा रहिवासी झाला असं कोणी लिहू नये.

जहाजांमधून मासे येतात का?

येऊ शकतात. जहाज रिकामं असताना तोल सांभाळायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि माल चढवताना दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्यातून अंडी, पिल्लं, शेवाळं, शिंपल्यांची पिल्लं जगभर फिरतात. त्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे मुंबई बंदर आणि समोर न्हावा-शेवा आहे, त्यामुळे बंदराच्या आतल्या पाण्यात काही वेगळं दिसलं तर ही शंका आधी काढावी.

माणसाने मुद्दाम सोडलेले मासेही असतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि तो निमखाऱ्या पाण्यातही तग धरतो. खाडीत दिसला तर त्याच्या ‘स्थलांतरा’चं कौतुक नको. घरातला टॅंक आवरताना मासे समुद्रात ओतणारेही आहेत. कृपा करून असं करू नका. पट्टेवाला विंचूमासा मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो पहिल्यांदा १९८५ मध्ये दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. मत्स्यालयांतून सुटलेले मासे हेच त्याचं कारण मानलं जातं.

माणसाने रस्ताच काढून दिला तर काय होतं ते सुएझने दाखवलं. १८६९ मध्ये कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातल्या शेकडो जाती भूमध्य समुद्रात शिरल्या. आपल्या बाजूच्या समुद्रातला एक विषारी केंड (फुगणारा पफर मासा) २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडला. आज तो पूर्व भूमध्यातल्या मच्छीमारांची जाळी कातरतो.

एकच मासा सापडला. ‘आढळक्षेत्र वाढलं’ म्हणता येईल?

नाही. वाट चुकलेला एखादा मासा कुठेही सापडू शकतो. अशा वेळी ‘या भागातली पहिली नोंद’ एवढंच म्हणावं. पिल्लं, मोठे, अंडी धरलेल्या माद्या असे वेगवेगळ्या वयाचे मासे वेगवेगळ्या वर्षी मिळाले की वस्ती झाली असं म्हणायला आधार मिळतो. बातमीत मात्र दोन्हीचा मथळा एकच असतो.

परका मासा प्रत्यक्षात नवीच जात निघाली असं कधी झालंय?

झालंय, आणि गोष्ट मासळीबाजारातलीच आहे. सीलाकान्थ हा प्राचीन मासा कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं समजलं जात होतं. १९३८ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत एका ट्रॉलरच्या पकडीत तो मिळाला. तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी तो ओळखून वेगळा काढला. थंड ठेवायची सोय होईना, म्हणून मासा पेंढा भरून जपावा लागला आणि आतले अवयव गेले. दुसरा नमुना हाती यायला १९५२ उजाडलं, तो कोमोरो बेटांजवळचा.

मग १९९७ मध्ये इंडोनेशियात मानाडोच्या बाजारात सागरी जीवशास्त्रज्ञ मार्क अर्डमन आणि त्यांच्या पत्नीला हातगाडीवर तसाच मासा दिसला. त्यांनी फोटो काढले, मासा विकला गेला. कोमोरोपासून जवळपास १०,००० किलोमीटर लांब! पुढच्या वर्षी स्थानिक मच्छीमारांनी दुसरा पकडून दिला, आणि १९९९ मध्ये ती निराळी जात असल्याचं जाहीर झालं. आढळक्षेत्र वाढलंच नव्हतं.

नावं फुटली की नकाशे असे घरबसल्या बदलतात. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. वर्षानुवर्षं त्याला पाम्पस अर्जेंटियस म्हणत आलो, अलीकडच्या अभ्यासांत मात्र भारतीय किनाऱ्यावरच्या माशाला पाम्पस कॅन्डिडस म्हटलं आहे. पापलेट होता तिथेच आहे.

संरक्षित मासा जाळ्यात आला तर?

जिवंत असेल तर सोडा, नमुन्याचा मोह नको. व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. ते पकडणं, ठेवणं, विकणं गुन्हा आहे. संशोधनासाठीही परवानगी लागते. सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात त्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ हवा, म्हणून एकाने मोबाइल धरावा आणि दुसऱ्याने सुरी.

अनोळखी मासा खाल्ला तर चालेल?

केंड असेल तर मुळीच नाही. त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा औषध नाही. बाकी अनोळखी मासाही माहीतगार कोळणीला दाखवल्याशिवाय चुलीवर ठेवू नये. विंचूमासा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, तो भाग बुडवून ठेवा आणि रुग्णालय गाठा.

खडकांवर फिरणाऱ्यांना काही सापडतं का?

खूप. हाजी अली, गिरगाव, जुहू, कार्टर रोड इथे मोठ्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांत छोटे खडकमासे असतात. बाजाराने कधीच न मोजलेले हेच ते. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशा नोंदी जमवतो. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जगातले जाणकार बघतात. दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा, खालचं सगळं उन्हात मरतं.

नमुना कोणाकडे द्यायचा, आणि नाव कोणाचं लागणार?

वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, सागरी मत्स्य संशोधन संस्थेचंही मुंबईत केंद्र आहे. बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) जुना संग्रह शहरातच आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुना परदेशात पाठवायचा झाला तर जैवविविधता कायदा, २००२ आडवा येतो. परस्पर कुरिअर करू नका.

नावाचा प्रश्न जरा नाजूक आहे. शोधनिबंधात लेखकांची नावं येतात आणि ज्याच्या जाळ्यात मासा आला तो ‘एका स्थानिक मच्छीमाराकडून’ एवढ्यावर आटोपतो. मला हे पटत नाही. नमुना देतानाच सांगा: बोटीचं आणि तांडेलांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, नोंदीत यावं. माशाचं कोळीवाड्यातलं नावही लिहून द्या. ‘नवा’ म्हणून नेलेल्या माशाला तिथे आधीपासून नाव असेल, तर तो किती वर्षं येतोय ते म्हाताऱ्या माणसांना विचारायला हवं, आणि उत्तर निबंधात यायला हवं.

निकाल कधी कळतो?

ओळख सोपी असेल तर त्याच दिवशी. नोंद छापून यायची तर नमुन्याला संग्रहातला क्रमांक मिळणं, तज्ज्ञांची तपासणी, दुरुस्त्या हे सगळं धरून महिने जातात, कधी वर्षही.

मासा विकून टाकला, फक्त मोबाइलमध्ये फोटो आहे. आता?

फोटो मूळ फाइलच्या रूपात ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतली वेळ आणि जागा निघून जाते. तोच मासा पुन्हा आला तर वेगळा काढून ठेवा असं बोटवाल्यांना आणि मावशींना सांगून ठेवा, आणि त्याची किंमत द्यायची तयारी ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा विचारणा नारळी पौर्णिमेनंतर केलीत तर बरी.